रॉक डॉक्युमेंटऱ्या: सोलापुरातल्या घरात कोणत्या बघायच्या, कशा ऐकायच्या

सुरुवात ‘गेट बॅक’पासून करा. बीटल्सवरची ही तीन भागांची डॉक्युमेंटरी पीटर जॅक्सनने २०२१मध्ये आणली. एकूण लांबी पावणेआठ तास. पहिल्या भागात ७ जानेवारी १९६९चा एक प्रसंग आहे. जॉन लेनन अजून यायचा आहे. पॉल मॅकार्टनी बास गिटार मांडीवर घेऊन ती साध्या गिटारसारखी खडाखडा छेडतोय, तोंडाने अर्थ नसलेलं काहीतरी गुणगुणतोय. जॉर्ज हॅरिसन जांभई देतो. रिंगो टाळी धरतो. आणि दोन-तीन मिनिटांत आपल्या डोळ्यांदेखत ते गाणं आकाराला येतं, ज्याचं नाव पुढे या डॉक्युमेंटरीला मिळालं. ‘हा ऐतिहासिक क्षण होता’ असं सांगायला कुणी तज्ज्ञ खुर्चीत येऊन बसत नाही.

आमची कसोटी यातूनच आली आहे: डॉक्युमेंटरीत काम दिसतं का? सोलापुरात चादर घेताना माणूस ती उलटी करून बघतो. जॅकार्डच्या चादरीत मागच्या बाजूला नक्षी तीच असते, रंग उलटे होतात. वीण कशी आहे, धागा कुठे सुटलाय, हे तिथे कळतं. रॉकवरच्या निम्म्या डॉक्युमेंटऱ्या नुसती वरची बाजू दाखवतात: गर्दी, पैसा, नशा, मृत्यू, मग पुन्हा गर्दी. गाणं कसं बसलं, ताल कुठे अडला, कुणी कुणाचं ऐकलं नाही, हे ज्यांत दिसतं त्याच वेळ घालवण्यासारख्या. खालची सगळी मतं याच कसोटीवरची आहेत.

‘गेट बॅक’चं मूळ चित्रीकरण मायकेल लिंडसे-हॉगचं. जानेवारी १९६९मध्ये त्याने सुमारे ६० तासांचं चित्रण आणि दीडशे तासांहून जास्त ध्वनिमुद्रण करून ठेवलं. त्यातला थोडा भाग १९७०च्या ‘लेट इट बी’ या चित्रपटात आला, बाकीचं पन्नास वर्षं पेटीत राहिलं. मोठी अडचण आवाजाची होती. सगळं मोनो; बोलणं, गिटार, ड्रम एकाच फितीवर एकमेकांत मिसळलेलं. शिवाय खासगी बोलायचं असलं की ही मंडळी मुद्दाम गिटार वाजवत बसायची, म्हणजे शब्द दबून जावेत. जॅक्सनच्या चमूने संगणकाला एकेका वाद्याचा आणि एकेका माणसाचा आवाज ओळखायला शिकवलं आणि ते वेगवेगळे करून घेतले. म्हणून आज ते दबलेलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून जातो. त्यानंतर उपाहारगृहातल्या कुंडीत लपवलेल्या माइकवर जॉन आणि पॉल त्याच्याबद्दल बोलताना ऐकू येतात; तिथे पडद्यावर चेहरे नाहीत, नुसता आवाज आणि अक्षरं. तो भाग झोपेत असताना बघू नका. २२ जानेवारीला बिली प्रेस्टन येऊन इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि सगळ्यांचं वाजवणं अर्ध्या तासात सुधारतं. शेवटी ३० जानेवारीचा गच्चीवरचा कार्यक्रम आहे, तो जवळजवळ पूर्ण.

लोक इथे चुकतात ते असं: पहिला भाग अडीच तासांवर आहे आणि त्यातला पहिला तास संथ आहे. थंडगार, मोठा स्टुडिओ, कंटाळलेली माणसं, अर्धवट सुरू होऊन थांबणारी गाणी. बरेच जण इथेच सोडतात. सोडू नका, पण सलगही बघू नका. भागात दिवसांची कॅलेंडरवर नोंद येते. रोज चार-पाच तारखा बघून थांबावं. सब-टायटल चालू ठेवलेच पाहिजेत, कारण लिव्हरपूलची बोली आणि त्यात चौघं एकाच वेळी बोलणारे.

ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी ‘क्लासिक अल्बम्स’ या मालिकेतला ‘द डार्क साइड ऑफ द मून’वरचा भाग घ्यावा. २००३चा, पाऊण तासाच्या आसपास. पिंक फ्लॉइडचे चौघेही त्यात आहेत. मिक्सिंगच्या टेबलावर बसून एकेक पट्टी खाली-वर करत गाण्याचे थर सुटे करून दाखवणं ही या मालिकेची पद्धत, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा उपयोगी काही नाही. ‘मनी’च्या सुरुवातीचा नाण्यांचा आणि गल्ल्याचा खळखळाट ऐका: सात आवाज, प्रत्येकाची फीत मोजून सारख्या लांबीची कापलेली, मग टोकाला टोक चिकटवून केलेलं वेटोळं. गाणं सात मात्रांचं आहे. आपल्याकडे ज्याच्या कानात रूपक ताल बसलाय त्याला हे पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा लवकर सापडतं. गिटारच्या सोलोला मात्र ताल चार मात्रांवर येतो. तो सांधा एकदा बोटांवर मात्रा मोजत ऐकून बघा. याच मालिकेतला निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’वरचा भागही चांगला. निर्माता बुच विग गायक कर्ट कोबेनचा आवाज एकटा ऐकवतो आणि त्यावर दुसऱ्यांदा गाऊन घेतलेला थर चढवतो. कोबेन दुसऱ्यांदा गायला तयार नव्हता. जॉन लेननही असंच करायचा, असं सांगून विगने त्याला राजी केलं.

आवाजाची व्यवस्था

या डॉक्युमेंटऱ्या टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर बघणं म्हणजे निम्मी डॉक्युमेंटरी बघणं. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. बास गिटार आणि ड्रमचा पायाचा ठोका त्यातून येतच नाही. साउंडबार घेतला असेल तर तो ब्लूटूथने जोडू नका, एचडीएमआयच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतून जोडा. ब्लूटूथमध्ये आवाज एक दशांश ते पाव सेकंद मागे पडू शकतो. बोलताना ते खपून जातं, पण ड्रमची काठी चामड्यावर आधी पडते आणि ठोका नंतर येतो तेव्हा सगळी मजा जाते. काही टीव्ही हा फरक आपोआप भरून काढतात. तुमचा काढत नसेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ किंवा ‘एव्ही सिंक’ शोधा, किंवा सरळ वायरचा हेडफोन लावा.

साउंडबार दोनच स्पीकरचा असेल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवा. सहा वाटांचा आवाज दोन वाटांत नीट उतरला नाही तर वाद्यं ढणढणतात आणि मुलाखतीतलं बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’, ‘व्हर्च्युअल सराउंड’ हे तिन्ही बंद. हळू आणि मोठ्या आवाजातला फरक हाच कार्यक्रमाचा जीव असतो आणि ही सेटिंग्ज तोच सपाट करतात. चित्रातलं ‘मोशन स्मूदिंग’ही बंद करा, जुन्या १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेलं त्यामुळे मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं.

आता खोली. सोलापुरातल्या बहुतेक घरांत खाली शाहाबादी किंवा टाइल्स, वर स्लॅब, भिंती उघड्या. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्र’ अशी शेपटी ऐकू आली तर झांजांचा आवाज कानाला टोचणार. उपाय घरात असतोच. जाड सोलापुरी चादर बसण्याच्या जागेमागच्या भिंतीवर टांगा, पण ताणून नाही. भिंतीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडा आणि भिंतीपासून ८-१० सेंटिमीटर पुढे सोडा. भिंतीला चिकटलेलं कापड फक्त सर्वांत वरचे सूर शोषतं. मध्ये हवा सोडली की त्याखालचेही शोषले जातात. बास मात्र चादरीने कमी होत नाही. तो घुमत असेल तर कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा आणि स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. टीव्हीसमोरच्या फरशीवर सतरंजी.

एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून मुलाखती ऐकता येत नाहीत. आवाज वाढवला की गाणं आलं तेव्हा शेजारी दार वाजवतात. त्या दोन महिन्यांत हेडफोन हाच मार्ग. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात राहणाऱ्यांनी कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन घ्यावा. उघड्या पाठीचा महागडा असला तरी तिथे उपयोगाचा नाही.

वीज आणि डेटाचंही गणित करून ठेवा. एचडीमध्ये तासाला साधारण ३ जीबी, ४के असेल तर ७. म्हणजे ‘गेट बॅक’ एचडीत २३-२४ जीबी खातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर ते जमणार नाही, आधी डाउनलोड करून ठेवावं. ४३ इंची टीव्ही, साउंडबार, राउटर आणि एक पंखा मिळून २०० वॉटच्या आसपास जातात. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी हे पाच तास ओढते, तीन-चार वर्षांची जुनी असेल तर निम्मंच धरा. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर वीज गेल्या-आल्याच्या प्रत्येक वेळी तो पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर स्पीकरमधून सतत गुंगुं ऐकू येते. तो स्पीकरचा दोष नव्हे, साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती नसते.

रंगमंचावरच्या

‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (१९८४) आम्ही सगळ्यांत वर ठेवतो. टॉकिंग हेड्स या बँडचा हा कार्यक्रम जोनाथन डेमीने हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये डिसेंबर १९८३मध्ये चित्रित केला. ८८ मिनिटं, एकही मुलाखत नाही. रिकाम्या रंगमंचावर गायक डेव्हिड बर्न गिटार आणि कॅसेट प्लेयर घेऊन एकटा येतो. दुसऱ्या गाण्याला बास येते, तिसऱ्याला ड्रम, चौथ्याला दुसरी गिटार. काळ्या कपड्यांतले कामगार मागून चौथरे ढकलत आणतात आणि कॅमेरा ते लपवत नाही. गाण्यात एकेक वाद्य काय भर घालतं हे शिकायला यापेक्षा सरळ रस्ता नाही. प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत दाखवलेले नाहीत, त्यामुळे ‘बघा लोक कसे नाचतायत’ असा आग्रह कुठेच नाही. २०२३मध्ये ४के प्रत आली, तीच बघा.

मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ (१९७८) जास्त प्रसिद्ध आहे आणि जास्त वादाचाही. ‘द बँड’ या बँडचा निरोपाचा कार्यक्रम, सॅन फ्रान्सिस्को, २५ नोव्हेंबर १९७६. ३५ मिलिमीटरचे सात कॅमेरे आणि गाण्याच्या ओळीओळीला कुठला कॅमेरा कुठे वळेल याची आधी लिहिलेली संहिता. तरीही ब्लूज गायक मडी वॉटर्स गायला उभा राहिला तेव्हा बाकीचे कॅमेरे फिल्म बदलत होते. कॅमेरामन लास्लो कोवाक्सने कानावरचा हेडफोन काढून ठेवला होता, म्हणून थांबायची सूचना त्याला ऐकू गेली नाही आणि एकट्याचा कॅमेरा चालू राहिला. ते गाणं एकाच कोनातून दिसतं आणि तेच चित्रपटातलं सर्वांत भारी. एरिक क्लॅप्टनच्या गिटारचा पट्टा सोलोच्या मध्येच निसटतो आणि ‘द बँड’चा गिटारवादक रॉबी रॉबर्टसन तो सोलो क्षणात उचलतो, तेही डोळे उघडे ठेवून बघा. दोष दोन. एक, बरंचसं वादन नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेलं आहे. दुसरा मोठा: कॅमेरा रॉबर्टसनवर इतका खिळलाय की कीबोर्डवरचा गार्थ हडसन आणि पियानोवरचा रिचर्ड मॅन्युएल जवळजवळ दिसतच नाहीत. ड्रमर लेव्हॉन हेल्मने याबद्दल उघड राग व्यक्त केला होता आणि तो रास्त होता.

‘लाइव्ह ॲट पॉम्पेई’मध्ये (१९७२) प्रेक्षकच नाहीत. पिंक फ्लॉइड प्राचीन रोमन रंगभूमीत, ऑक्टोबर १९७१च्या उन्हात, रिकाम्या दगडी पायऱ्यांसमोर वाजवतात. पूर्ण दौऱ्याची सामग्री आणली आणि वीज पुरेना, तेव्हा गावातून केबल ओढावी लागली. एका गाण्यात जवळजवळ फक्त ड्रमर निक मेसन दिसतो, कारण बाकीच्यांच्या फिल्मची रिळं हरवली. त्यातच त्याच्या हातातली काठी उडते आणि ठोका न चुकवता तो दुसरी उचलतो. २०२५ची नवी प्रत मूळ निगेटिव्हवरून केली आहे, आवाज स्टीव्हन विल्सनने नव्याने बसवला आहे. आधी जुनी प्रत पाहिली असेल तरी ही पुन्हा घ्या. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘माँटेरे पॉप’ (१९६८) आपल्याकडच्या शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने बघायलाच हवा. डी. ए. पेनेबेकरने जून १९६७च्या महोत्सवावर केलेला जेमतेम ऐंशी मिनिटांचा चित्रपट. जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली ती इथेच. पण पेनेबेकरने शेवट त्यावर केला नाही. शेवटची १८ मिनिटं त्याने रविशंकर आणि अल्ला रखाँना दिली. सतार सुरू होते तेव्हा कॅमेरा बराच वेळ श्रोत्यांवरच फिरत राहतो. वादक नंतर दिसतात. नावांच्या यादीत ‘राग भीमपलासी’ असं दिलंय, ते चुकीचं आहे. वाजते ती धून, आधी दादऱ्यात, मग द्रुत तीनतालात. सवाल-जवाब सुरू झाल्यावर अल्ला रखाँच्या डाव्या हाताकडे बघा. पेनेबेकरचाच ‘डोंट लुक बॅक’ (१९६७) बॉब डिलनच्या १९६५च्या इंग्लंड दौऱ्यावर आहे, कृष्णधवल. त्यात गाणी कमी, भांडणं आणि हॉटेलच्या खोल्या जास्त. डिलनची गाणी आधी ऐकलेली नसतील तर तो सध्या बाजूला ठेवा.

‘द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ १ ऑगस्ट १९७१चा, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला. सतार आणि सरोद सुरात मिळवून झाल्यावर न्यूयॉर्कचे श्रोते तेच वादन समजून टाळ्या वाजवतात आणि रविशंकर हसून त्यांचे आभार मानतात. शेजारी सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्ला रखाँ. चित्रीकरण अंधारं आणि भरड आहे, कॅमेरे कमी होते; चित्रासाठी नव्हे, कानांसाठी लावा.

भांडणाच्या, आणि टिकून राहण्याच्या

मेटालिका या मेटल बँडवरच्या ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’वरून (२००४) आमच्यात दोन तट आहेत. काहींना तो श्रीमंत माणसांची रडगाणी वाटतो. आमच्यातल्या बहुतेकांना तो बँड नावाच्या यंत्राची सर्वांत प्रामाणिक उकल वाटतो. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की ‘सेंट अँगर’ अल्बमचं काम चित्रित करायला गेले. बास वादक जेसन न्यूस्टेड तेव्हा नुकताच बँड सोडून गेला होता. बँडने महिन्याला ४० हजार डॉलर देऊन फिल टाउल हा समुपदेशक नेमलेला. गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी निघून जातो, महिन्यांनी परततो आणि दुपारी १२ ते ४ एवढंच काम करीन म्हणतो. त्याच्यामागे बाकीच्यांनी ध्वनिमुद्रण ऐकायचंही नाही. ड्रमर लार्स उलरिच त्यावर जो फुटतो तो प्रसंग बँड चालवणाऱ्या प्रत्येकाने बघावा: शिस्त कुणाची, मालकी कुणाची, हाच वाद असतो सगळीकडे. अल्बमचा स्नेअर ड्रम डब्यासारखा का वाजतो हा चाहत्यांचा कायमचा प्रश्न. लार्सने ड्रमखालच्या वायरी सैल सोडल्या होत्या, त्यामुळे नेहमीचा ‘च्यॅक’ जाऊन ‘टँग’ राहिला. लांबी सव्वादोन तासांच्या वर. बास वादकाच्या निवडीचा शेवटचा भाग, जिथे रॉबर्ट ट्रुहियोला दहा लाख डॉलर आगाऊ देऊ करतात, अजिबात चुकवू नका.

त्याच्या नेमका उलट ‘ॲनव्हिल! द स्टोरी ऑफ ॲनव्हिल’ (२००८). १९८४मध्ये जपानच्या मोठ्या महोत्सवात बॉन जोव्ही, स्कॉर्पियन्स यांच्याबरोबर वाजवलेला कॅनडाचा बँड. बाकीचे लाखांनी विकले गेले, हे राहिले. गायक लिप्स शाळांना डबे पोचवायच्या गाडीवर काम करतो. युरोपच्या दौऱ्यात रेल्वे चुकतात, पैसे मिळत नाहीत. मग बहिणीकडून उसने पैसे घेऊन अल्बम. दौरा का फसतो हे इतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही: लेखी करार नाही, प्रवासाच्या वेळा कुणी तपासलेल्या नाहीत, कार्यक्रमाची जाहिरात नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम करणाऱ्या आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. ८० मिनिटं. मेटल आवडत नसलं तरी बघा.

‘गिमी शेल्टर’ (१९७०) घरात मुलं असताना लावू नका. रोलिंग स्टोन्सच्या ६ डिसेंबर १९६९च्या अल्टामाँटच्या कार्यक्रमात मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या तरुणाचा भोसकून खून झाला आणि तो कॅमेऱ्यात आहे. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी तो सनसनाटी केलेला नाही. संकलनाच्या टेबलावर बसून मिक जॅगर तेच चित्रण बघतोय हे ते आपल्याला दाखवतात. दुर्घटना का झाली याची कारणंही समोर येतात. जागा ऐनवेळी बदलली. रंगमंच टेकडीवरच्या आधीच्या जागेसाठी केलेला, म्हणून जेमतेम मीटरभर उंच. अल्टामाँटला तो उताराच्या तळाशी आला आणि गर्दी थेट त्याच्यावर लोटली. बंदोबस्ताला हेल्स एंजल्स ही मोटरसायकलस्वारांची टोळी. मोठे कार्यक्रम भरवणाऱ्या आपल्या मंडळांतल्या कार्यकर्त्यांनी हा भाग दोनदा बघावा.

आपल्या जवळच्या म्हणाव्यात अशा दोन. आयर्न मेडनचा ‘फ्लाइट ६६६’ (२००९): गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग ७५७ चालवतो, बँड, कामगार आणि टनावारी सामान एकाच विमानात, ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. दौरा सुरू होतो तो मुंबईत, १ फेब्रुवारी २००८ला. दुसऱ्या डिस्कवर प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे आणि पहिलं, ‘एसेस हाय’, मुंबईचं. रंगमंचामागची वाहतूक आणि जुळणी यात छान दिसते. गाणी कशी झाली ते मात्र शोधू नका. दुसरी जयदीप वर्मा यांची ‘लीव्हिंग होम’ (२०१०), इंडियन ओशन या बँडवर. सुष्मित सेनची गिटार, राहुल रामचा बास, अमित किलमचे ड्रम, आणि तबला वाजवत गाणारा अशीम चक्रवर्ती, जो प्रदर्शनाच्या काही महिने आधी, डिसेंबर २००९मध्ये गेला. ‘कंदीसा’, ‘मा रेवा’ ही गाणी पूर्ण वाजतात, मध्ये कापलेली नाहीत. भारतीय बँडवर याहून चांगलं काम आम्हाला माहीत नाही. हिंदी-इंग्रजी मिसळून आहे, घरातल्या सगळ्यांना कळते.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) भावनेने घट्ट पकडतो, ऑस्करही मिळालं, पण एक गोष्ट माहीत असू द्या. अमेरिकेत विसरलेला गायक रॉड्रिग्ज दक्षिण आफ्रिकेत त्याच्या नकळत प्रसिद्ध होता, हे खरं. ऑस्ट्रेलियातही तो लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१मध्ये तिथे दौरे करून आला होता. हे चित्रपट सांगत नाही, कारण सांगितलं तर कोडं ढिलं पडतं. गाण्यांसाठी बघा, चरित्र म्हणून नको. निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने त्याच नावाच्या स्टुडिओवर केलेल्या ‘साउंड सिटी’चे (२०१३) पहिले दोन तृतीयांश उत्तम, तिथल्या एका नीव्ह कंपनीच्या मिक्सिंग टेबलाचं आयुष्य, शेवटच्या भागात नव्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण लांबत जातं.

वेष्टनावर ‘अनधिकृत’ किंवा ‘समीक्षकांच्या नजरेतून’ असं लिहिलेल्या डिस्क घेऊ नका. त्यांत बँडच्या मूळ गाण्यांचे हक्क नसतात, त्यामुळे तासभर पत्रकार बोलतात आणि मागे भलतंच संगीत वाजतं. परदेशातून ब्लू-रे मागवणार असाल तर विभाग बघा: भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. ‘गिमी शेल्टर’, ‘माँटेरे पॉप’, ‘द लास्ट वॉल्ट्झ’ यांच्या क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या प्रती ‘ए’च्या आहेत, इथे घेतलेल्या साध्या प्लेयरवर त्या चालत नाहीत, सगळे विभाग वाचणारा प्लेयर लागतो. डीव्हीडीत आपला विभाग ५, अमेरिकेचा १.

उन्हाळ्यात गच्चीवर घरच्या मंडळींसाठी लावायचं तर ९० बाय १०० इंचांची पांढरी चादर आडवी ताणा, १०० इंची चित्र त्यात बसतं. मागून काळं कापड लावा, नाहीतर प्रकाश आरपार जाऊन रंग फिके पडतात. खालच्या कडेला नळी शिवून त्यात पाइप घाला, वाऱ्याने पडदा फुगत नाही. प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे हजारो ल्युमेन खरे धरू नका. ‘एएनएसआय’ असा शब्द असलेला आकडा बघा, तो २०००च्या आसपास हवा. मे महिन्यात सोलापुरात पावणेआठपर्यंत नीट अंधार पडत नाही आणि रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही. म्हणजे हातात सव्वादोन तास: ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ आरामात बसतो, ‘द लास्ट वॉल्ट्झ’ जेमतेम, ‘वुडस्टॉक’ महोत्सवावरचा तीन तासांचा चित्रपट नाही. बाहेरच्या लोकांना बोलावून दाखवायचं असेल तर हक्क असणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. घरचं ओटीटी खातं तेवढ्यासाठी चालत नाही.

गिटार शिकणारं कुणी घरात असेल तर ‘इट माइट गेट लाउड’ (२००८) लावा. लेड झेपेलिनचा जिमी पेज, यूटूचा द एज आणि व्हाइट स्ट्राइप्सचा जॅक व्हाइट, अशा गिटारवादकांच्या तीन पिढ्या. एज एक जोरकस तुकडा वाजवतो, मग सगळे इफेक्ट बंद करून तोच वाजवतो आणि खाली फक्त साधे दोन-चार सूर उरतात. पण सुरुवातच बघा: जॅक व्हाइट शेतातल्या घराबाहेर फळी, खिळे, काचेची बाटली, एक तार आणि पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) एवढ्यावर वाद्य करतो. हे घरी करता येतं. तीन फुटांची फळी, दोन्ही टोकांना मजबूत खिळे, गिटारची सुटी स्टील तार, तिच्याखाली एका टोकाला बाटली घोडीसारखी सरकवायची. पिकअपऐवजी पिएझोची (फळीचं कंपन विजेत बदलणारी) चकती फळीला घट्ट चिकटवून तिच्या दोन वायरी गिटारच्या जॅकला डाग द्या. वायरी लांब ठेवल्या तर गुंगुं येते, वीतभरच ठेवा. सूर दुसऱ्या छोट्या बाटलीने तारेवर सरकवून काढायचे. ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून जोडा, आणि तार ताणताना तोंड बाजूला ठेवा.